समुद्रकाठच्या महानगरातली लाइट रेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाइट रेलबद्दलची बहुतेक चर्चा गाडीवर अडकते: कोणत्या कंपनीची, किती लांब, किती वेगाची. खरं तर गाडी सगळीकडे जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो तिला स्वतःची वाट किती मिळाली, चौकात तिला किती थांबवलं जातं आणि समुद्रकाठी असेल तर मीठ, वाळू नि पाणी यांचा बंदोबस्त कोण किती नेमाने करतं, यामुळे. खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

लाइट रेल म्हणजे ट्राम की मेट्रो?

गाडी ट्रामच्या घराण्यातली, पण मार्गाचा बराचसा भाग स्वतःचा. रुळांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी १४३५ मिमी, वीज साधारण ७५० व्होल्ट डीसी आणि ती वरच्या तारेतून पेंटोग्राफने (छतावरच्या, तारेला टेकणाऱ्या सांगाड्याने) घेतलेली. मेट्रोला सगळा मार्ग बंदिस्त लागतो, रस्ता ओलांडणं तिला चालत नाही. लाइट रेल एकाच फेरीत रस्त्यावरून, कुंपणातून, पुलावरून आणि बोगद्यातून जाऊ शकते. तेल अवीवची रेड लाइन (२०२३) सुमारे २४ किमीची, त्यातली साधारण निम्मी जमिनीखाली आणि उरलेली रस्त्याच्या पातळीवर. उलट मनिलाची एलआरटी-१ (१९८४) उन्नत मार्गावरून धावते. नाव लाइट रेलचं, काम मेट्रोचं. त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, वाट कशी आहे ते बघा.

एका दिशेने तासाला किती प्रवासी नेता येतात?

हिशेब सोपा आहे. ३० मीटरच्या गाडीत चौरस मीटरला ४ उभे प्रवासी धरले तर साधारण २०० माणसं मावतात. दर ३ मिनिटांनी गाडी म्हणजे तासाला २० गाड्या, म्हणजे ४,०००. दोन गाड्या जोडून सोडल्या की ८,०००. सिडनीच्या शहरी मार्गावर अशा जोडगाड्या ६७ मीटर लांब आहेत आणि एका जोडीत सुमारे ४५० प्रवासी बसतात-उभे राहतात. १२ मीटरच्या बसमध्ये ७५ माणसं धरली, तर दर २ मिनिटांच्या सेवेत तासाला २,२५० होतात.

अहवालात चौरस मीटरला ६ किंवा ८ उभे प्रवासी धरलेले दिसले तर तो आकडा जपून वापरा. एवढी गर्दी झाली की दारातून चढउतार इतकी मंदावते की ३ मिनिटांचं अंतर टिकतच नाही आणि वाढलेली क्षमता दुसऱ्या हाताने निघून जाते.

गाडी ताशी ७० किमी धावू शकते, मग सरासरी १८-२० च का येते?

कारण वेळ धावण्यात जात नाही, थांबण्यात जातो. १० किमीचा मार्ग घ्या.

ताशी ५० किमीने न थांबता धावली तर १२ मिनिटं. आता दर ४०० मीटरवर थांबा ठेवला की मध्ये २४ थांबे येतात. दर थांब्याला वेग कमी करून पुन्हा धरण्यात १४ सेकंद जातात (वेग बदलण्याचा दर १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरून) आणि दारं उघडी राहतात साधारण २१ सेकंद. एकूण ३५. चोवीस थांब्यांचे झाले १४ मिनिटं.

मग सिग्नल. समजा चक्र १२० सेकंदांचं आहे आणि गाडीच्या वाट्याला ४० सेकंद हिरवा येतो. गाडी केव्हाही येऊन पोचत असेल तर दर चौकात सरासरी २७ सेकंद थांबावं लागतं. असे १५ चौक म्हणजे जवळपास ७ मिनिटं. बेरीज ३३ मिनिटं, सरासरी ताशी १८ किमी.

आता जास्त वेगाची गाडी आणून बघा. त्याच दराने ताशी ७० किमी गाठायला १९० मीटर लागतात आणि तिथून थांबायला आणखी १९०. थांब्यांमध्ये आहेत ४०० मीटर! म्हणजे वेग जेमतेम धरला की लगेच सोडायचा. दहा किलोमीटरमध्ये वाचतं फार तर सव्वा मिनिट, वीज मात्र भरपूर जाते. त्याऐवजी सिग्नलला प्राधान्य देऊन चौकांचा तोटा ७ वरून २ मिनिटांवर आणला आणि थांबे ८०० मीटरवर नेले, तर तोच मार्ग २१ मिनिटांत होतो, म्हणजे ताशी २८ किमीच्या पुढे. नवी गाडी न घेता!

थांबे कमी करायला लोकांचा विरोध होतो, आणि तो अगदीच चुकीचा नसतो. म्हाताऱ्या माणसाला ४०० मीटर जास्तीचं चालणं खरंच जड जातं. दाट वस्तीत ४००-५०० आणि बाहेर ८०० ते १,००० मीटर ही तडजोड बहुतेक ठिकाणी चालून जाते.

सिग्नलचं प्राधान्य नेमकं कसं चालतं?

चौकाच्या १५०-२०० मीटर अलीकडे रुळात विद्युत वेटोळं किंवा गाडीवर रेडिओ यंत्रणा असते. गाडी तिथे आली की चौकातल्या नियंत्रकाला निरोप जातो. तो तीनपैकी एक गोष्ट करतो: चालू हिरवा थोडा लांबवतो, पुढचा हिरवा लवकर आणतो, किंवा गाडीसाठी वेगळी फेज (सिग्नलची पाळी) मध्ये घालतो. गाडी चौक ओलांडून गेली की दुसरं वेटोळं मागणी रद्द करतं.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर गाडी दारं उघडून १५ सेकंद उभी राहील की ४०, हे नियंत्रकाला कळत नाही. मागितलेला हिरवा फुकट जातो, आडव्या रस्त्यावरची वाहनं विनाकारण खोळंबतात आणि मग गाडीही लालला अडकते. म्हणून थांबा चौकाच्या पलीकडे ठेवावा. दुसरी गोष्ट म्हणजे रद्द करणारं वेटोळं निकामी झालं की मागणी तशीच लटकून राहते. नियंत्रक काही सेकंदांनी ती आपोआप सोडून देईल अशी मर्यादा घातलेली नसेल, तर पूर्ण चौक तुंबतो, आणि दुसऱ्या दिवशी वाहतूक पोलिसांकडून प्राधान्यच बंद करण्याची मागणी येते.

अर्धा तास गाडी नाही आणि मग तीन एकदम. असं का?

पुढची गाडी २ मिनिटं उशिरा निघाली की ६ मिनिटांऐवजी ८ मिनिटांची गर्दी तिच्या वाट्याला येते, म्हणजे तिसरा हिस्सा जास्त. चढउताराला जास्त वेळ लागतो, उशीर वाढतो. मागची गाडी मात्र रिकाम्या थांब्यांवरून भराभर येऊन तिला गाठते. ही साखळी आपोआप तुटत नाही. मागच्या गाडीला ठरावीक थांब्यावर दीड-दोन मिनिटं रोखून धरणं, किंवा उशिराची गाडी शेवटपर्यंत न नेता मधूनच वळवणं, हेच उपाय. दोन्हींमुळे गाडीतले प्रवासी चिडतात आणि थांब्यावरचे सुखावतात. रोखलेल्या गाडीत एक साधी घोषणा केली तर निम्मी चिडचिड कमी होते.

खाऱ्या हवेने नक्की काय बिघडतं?

आधी इन्सुलेटर, म्हणजे वरची तार खांबापासून विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवणारे तुकडे. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ इन्सुलेटरवर साठतं. कोरडं असेपर्यंत ते फारसं उपद्रवी नसतं. जोराचा पाऊस झाला तर धुऊनही जातं. वाईट वेळ असते ती बरेच दिवस पाऊस नाही, वारा समुद्रावरून सतत, आणि मग पहाटेचं धुकं किंवा रिमझिम. मिठाचा थर ओला होतो, त्यातून वीज वाहायला लागते आणि ठिणगी पडून विभागाचा पुरवठा तुटतो. यावर उपाय तीन आहेत: पृष्ठभागावरून विजेला लांब वाट पडेल असे जास्त कड्यांचे इन्सुलेटर, पाणी न धरणारे सिलिकॉन रबरचे इन्सुलेटर, आणि कोरड्या दिवसांत गोड्या पाण्याने धुणं. तिसरा सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात आधी तोच विसरला जातो.

मग गाडीचं अंग. स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा असला म्हणून निर्धास्त राहू नये. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट बसवला आणि मध्ये खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. दाराच्या उंबऱ्याखालची पोकळी, केबलच्या जोडपेट्या, छतावरच्या वातानुकूलन यंत्राचे पंखे आणि जाळ्या ही नेहमीची ठिकाणं. गाडी धुण्याच्या यंत्रात शेवटचं पाणी गोडं आणि खालच्या बाजूलाही मारलेलं असावं. धुतलेलं पाणी गाळून पुन्हा वापरणारं यंत्र असेल तर त्या पाण्यातला खारेपणा मोजत राहा. नाहीतर आपणच गाडीला मिठाचं पाणी पाजत असतो.

आणि वाळू. बेल्जियमची किनारी ट्राम द पान ते क्नोके अशी सुमारे ६७ किमी समुद्राला लागून धावते. तिथे वाऱ्याने रुळांवर वाळू येऊन बसणं हे नित्याचं काम आहे. मोकळ्या रुळावर वाळू चिरडली जाते, पण रस्त्यात बसवलेल्या रुळाच्या खाचेत ती पाण्याबरोबर घट्ट बसते. मग चाकाची कड त्या घट्ट वाळूवर चढते. सांध्यात (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) तर हा धोका आणखी मोठा, कारण जिभेच्या, म्हणजे तिथल्या सरकत्या रुळाच्या, फटीत वाळू असेल तर जीभ पूर्ण लागत नाही आणि यंत्रणा सांधा ‘लागला’ असा संकेतच देत नाही. सांध्याची पेटी आणि तिचा निचरा वादळी वाऱ्यानंतर त्याच दिवशी उपसायला हवा.

रुळांतून ‘गळणारी’ वीज म्हणजे काय? तिने पाण्याचे पाइप फुटतात हे खरं आहे का?

खरं आहे. वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून उपकेंद्राकडे परत जाते. रूळ जमिनीपासून नीट वेगळे नसले की थोडी वीज जमिनीत शिरते, जवळच्या लोखंडी पाइपातून वाट काढते आणि उपकेंद्राजवळ पाइप सोडून पुन्हा रुळाकडे जाते. जिथून ती पाइप सोडते तिथे लोखंड विरघळतं. सतत १ अँपिअर वीज वर्षभर अशी गेली तर सुमारे ९ किलो लोखंड खाल्लं जातं. खारी, ओली जमीन विजेला चांगली वाट देते म्हणून समुद्रकाठी हा त्रास जास्त.

उपाय बांधतानाच करावे लागतात: रुळाला रबराचं पूर्ण आवरण, उपकेंद्रं दीड-दोन किमीवर (अंतर कमी तसा रुळावरचा विद्युत दाब कमी), रुळांचे जोड वितळवून एकसंध केलेले. पुढे बिघडतं कशाने? रस्ता उकरून पुन्हा बुजवताना आवरण फाटतं, किंवा खाचेत साठलेला ओला गाळ रूळ आणि रस्त्याची सळई यांना जोडून टाकतो. म्हणून रूळ ते जमीन हा रोध ठरावीक काळाने मोजायचा. पाइप फुटल्यावर मोजायचा नाही.

मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आला तर?

नाले समुद्रात सुटतात त्या तोंडाच्या वर भरतीचं पाणी चढलं की झडपा बंद होतात आणि शहरातलं पाणी बाहेर जायची वाट राहत नाही. त्यामुळे किती पाऊस पडला यापेक्षा तो कोणत्या घटकेला पडला हे महत्त्वाचं. नियंत्रण कक्षात पावसाच्या अंदाजाशेजारी भरतीचं कोष्टक टांगलेलं असायलाच हवं.

पाणी रुळाच्या डोक्याला टेकलं की गाडी चालण्याच्या वेगाने, आणि खाच दिसेनाशी झाली की बंद, असा नियम शहाणपणाचा. कारण फक्त मोटारीत पाणी शिरणं नाही. पाण्याखाली खाचेत दगड आहे की सांधा उलटा लागलाय, हे चालकाला दिसत नाही. फरशी जमिनीलगत असलेल्या गाड्यांची बरीच विद्युत यंत्रणा छतावर असते हा इथे फायदा आहे, पण मोटारी, ब्रेक आणि वेगमापक खालीच असतात.

बोगदा असेल तर त्याच्या तोंडाशी रस्ता आधी थोडा चढवून मगच खाली उतरवतात, पाणी अडवणाऱ्या फळ्या बसवायला खाचा ठेवतात आणि पंपाची वीज वेगळ्या मार्गाने आणतात. खारं पाणी आत शिरलंच तर उपसून काम संपत नाही. २०१२ च्या सॅन्डी वादळात न्यूयॉर्कचा कॅनार्सी बोगदा (हा भुयारी रेल्वेचा) बुडाला. गाड्या लवकर सुरू झाल्या, पण मीठ केबलमध्ये आणि काँक्रीटमध्ये राहिलं आणि शेवटी २०१९-२० मध्ये मोठी दुरुस्ती करावी लागली. बुडालेल्या केबलपेट्या गोड्या पाण्याने धुणं, वाळवणं, इन्सुलेशन तपासणं आणि संशय असेल तर बदलणं, हाच क्रम. नुसतं वाळवून बंद केलेली पेटी काही महिन्यांनी हमखास दगा देते.

वरच्या तारा समुद्राचं दृश्य बिघडवतात. वीज जमिनीतून घेता येत नाही का?

येते, पण समुद्राशी भांडावं लागतं. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची ट्राम १८८५ मध्ये रुळांमधल्या चरातून वीज घेऊन सुरू झाली. चरात वाळू आणि समुद्राचं पाणी जायचं. १८९९ मध्ये त्यांनी वरची तार बसवली.

आजची पद्धत वेगळी आहे. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये २००३ पासून रुळांच्या मधोमध तिसरी पट्टी आहे: ८ मीटर वाहक, ३ मीटर निर्जीव, आणि गाडी ज्या तुकड्यावर उभी असेल तेवढ्यातच वीज. सुरुवातीच्या काळात पाणी साचून तिनेही बराच त्रास दिला. दुबईची ट्राम (२०१४) जमिनीतूनच वीज घेते आणि सिडनीत शहराच्या मध्यभागी एका टप्प्यात हीच पद्धत आहे. फ्रान्समधल्याच नीसने तिसरी वाट धरली. २००७ च्या पहिल्या मार्गावर दोन चौक बॅटरीवर ओलांडले, नंतरच्या मार्गावर थांब्यावर उभं असताना गाडी चार्ज होते.

आमचं मत विचाराल तर निचरा भरवशाचा नसलेल्या किनारी रस्त्यावर जमिनीतली पट्टी टाळावी. दृश्य जपायचं तेवढ्या टप्प्यापुरती बॅटरी पुरते. फक्त उन्हाळ्यात वातानुकूलन चालू असताना गाडी मध्येच अडकून राहिली तर किती वेळ पुरेल, याचा हिशेब आधी मागा. विक्रेते सहसा न अडकणाऱ्या गाडीचा हिशेब दाखवतात.

समोर माणूस आला तरी गाडी चटकन का थांबत नाही?

पोलादावर पोलाद, पकड कमी. ताशी ५० किमीवरून नेहमीच्या ब्रेकने थांबायला सुमारे ८० मीटर लागतात. आणीबाणीत रुळाला चिकटणारे चुंबकी ब्रेक आणि चाकापुढे वाळू सोडली तर ३५ मीटर, अधिक चालकाच्या प्रतिसादाच्या एका सेकंदाचे १४. त्यात उभे प्रवासी पडतात ते वेगळंच. म्हणून गाडीत उभं राहताना दांडी धराच.

सायकल किंवा दुचाकीवरून रूळ कसे ओलांडावेत?

खाच साधारण ३५-४० मिमी रुंद असते, बहुतेक सायकलींचं चाक त्यात सहज बसतं. म्हणून रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा, निदान रुळाशी ६० अंशांहून मोठ्या कोनात. वळायचं असेल तर आधी रूळ सरळ ओलांडा, मग वळा. ओल्या रुळावर ब्रेक लावू नका आणि गाडी झुकवू नका. दोन रुळांमधून समांतर जाणं सगळ्यात धोक्याचं.

थांब्यांवर फाटक नसतं, मग लोक फुकट जात नाहीत का?

काही जातात. पण दर थांब्यावर फाटकं, ती सांभाळणारी माणसं आणि रुंद फलाट यांचा खर्च त्या तोट्याहून बहुधा मोठा असतो. तिकीट आधी काढायचं, यंत्राला लावायचं आणि तपासनीस अधूनमधून गाडीत चढणार, अशी ही पद्धत. कार्ड लावल्यावर दिवा आणि आवाज दोन्ही झाले का बघा. ‘लावलं होतं’ हे तपासनीसाला पटत नाही. उतरतानाही लावायचं असेल तिथे विसरलात तर बहुधा पूर्ण अंतराचं भाडं कापलं जातं.

मासेमारीची गळकाठी, सर्फबोर्ड नेता येतो का?

सर्फबोर्ड ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टसारख्या ठिकाणी चालतो, इतरत्र नियम बघा. गळकाठीचं मात्र मनावर घ्या. कार्बनची काठी वीज वाहून नेते आणि रस्त्यावर तार साधारण साडेपाच-सहा मीटरवर असते. काठी उघडून उंच धरली तर ती तारेला टेकून झटका बसू शकतो. काठी मिटवून, आडवी, पिशवीत घालून न्या.

बोटीच्या धक्क्याशी जोडणी नीट का बसत नाही?

बोट ओहोटीला आणि लाटांना बांधलेली असते, गाडी घड्याळाला. बोटीतून एकदम ३०० माणसं उतरतात आणि २०० ची गाडी भरते. धक्क्याच्या टोकाशी गाडी वळवण्याआधी ४-५ मिनिटं थांबण्याची सोय आणि बोट येताना नियंत्रण कक्षाला निरोप, एवढ्याने बरंच सुटतं. ओहोटीला तरंगत्या फलाटाचा उतार तीव्र होतो हेही लक्षात घ्या. चाकाची खुर्ची असेल तर त्या वेळी मदत लागते.

एवढा खर्च कशाचा?

रुळांचा कमी, रुळांखालच्या गोष्टींचा जास्त. जुन्या शहरात पाइप, केबल आणि गटारं नकाशात असतात तिथे नसतात. एडिंबराची १४ किमीची ट्राम २०१४ मध्ये तीन वर्षं उशिरा सुरू झाली आणि खर्च ७७ कोटी पौंडांच्या पुढे गेला. जमिनीखालच्या वाहिन्या हलवण्याचा घोळ हे त्यातलं एक ठळक कारण. उलट सॅन डिएगोने जुनी मालवाहू लाइन घेऊन १९८१ मध्ये सेवा सुरू केली. मालगाड्या रात्री चालवल्या. सरळ, जुनी, मोकळी वाट मिळत असेल तर ती सोडू नये. मात्र ती वस्तीपासून दूर असेल तर स्वस्त बांधलेली गाडी रिकामी धावते.

गाडी मध्येच बंद पडली तर उतरायचं का?

नाही, सांगितल्याशिवाय नाही. गाडीत असताना तुम्ही सुरक्षित असता. खरा धोका शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीचा आणि तुटलेल्या तारेचा. दाराजवळच्या बोलण्याच्या बटणाने चालकाशी बोला आणि डब्याचा क्रमांक सांगा, तो बहुधा डब्यात लिहिलेला असतो. आणीबाणीची मूठ ओढली की दार सुटतं आणि पूर्ण गाडी रोखली जाते, त्यामुळे धूर किंवा आग नसताना तिला हात लावू नका. उतरायची वेळ आलीच तर चालक सांगेल त्या बाजूने, एकेक करून, रुळावर पाय न ठेवता. तार जमिनीवर पडलेली दिसली तर निदान १० मीटर लांब राहा. ती निर्जीव दिसत असली तरी बंद झालेला विभाग पुन्हा आपोआप चालू करून बघणारी यंत्रणा बऱ्याच उपकेंद्रांत असते.